हिमरू आणि मोबाइलचा बाजार

इफ्तारनंतर सिटी चौक, शहागंजच्या गर्दीत गिऱ्हाईक हिमरूची शाल चाचपून घेते. मोबाइलवरच्या फोटोत मात्र मोजक्या उरलेल्या हातमागांचे सुती-रेशमी विणकाम आणि यंत्रमागाची नक्कल सारखीच दिसते. मग स्वस्त तेच खपते. शाल परत आली, तर वाहतुकीचा भुर्दंड बहुधा विक्रेत्यालाच.

त्यात जीएसटी. दुकानातल्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन मंचावरून हैदराबादच्या कदरदानाला एकच शाल पाठवायची, तरी नोंदणी हवी! १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सूट मिळाली, पण राज्यातल्या राज्यात. ती राज्याबाहेरही लागू केली, तर विणकराची ईदची कमाई हिशेबनिसाच्या फीत जाणार नाही.