एका घरात दोन मने

वाचकहो, पेरणी झाल्यावर आठ दिवस पाऊस आला नाही, तर आपण आभाळाकडे पाहतो. त्या पाहण्यात प्रार्थना किती आणि शंका किती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. शंकेबद्दल मात्र घरात कोणी बोलत नाही. ख्रिस्ती घरांत तर नाहीच नाही. रात्री जेवणे आटोपली की सारे डोळे मिटून बसतात. त्यांतल्या एखादीच्या मनात निंदणाची मजुरी घोळत असते, आणि देव खरेच ऐकतो का, हा प्रश्न ती पदराआड झाकून ठेवते.

हुडकेश्वरच्या दक्षिणेला बोरी आणि टाकळघाट आहे. तिथली एक जुनी हकीकत सांगतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, गोंड लोकांची गाणी नि शब्द टिपून ठेवले, इथल्या दगडमातीचा अभ्यास केला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून ते घोड्यावरून परत येत होते. वाटेत बोरीजवळ नाल्याला पूर आलेला होता. त्यातच ते बुडून गेले. अठरा वर्षे देवाचे काम केलेला माणूस, आणि नाल्याने त्याला ओळखले नाही! आपल्याकडचा कोणताही कास्तकार सांगेल की भादव्यातला नाला कोणाला ओळखत नाही. तरी ‘असे का?’ हा प्रश्न उरतोच. त्याला सोपे उत्तर देणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

दुसरी गोष्ट एका संसाराची. कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणे निघाले, आणि उतरताना त्याने नवा करार हाती दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला. येशूचे डोंगरावरचे प्रवचन आले, तेव्हा पुस्तक खाली ठेववेना. तरी दोन वर्षे मनाची ओढाताण चालली. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि बायको? लक्ष्मीबाईंचे माहेर कडक सोवळ्याओवळ्याचे. त्यांच्यावर तर आभाळच कोसळले. नवरा जिवंत, आणि संसार मात्र मोडलेला. काही वर्षे त्या लहान मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. पत्रे येत-जात होती. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण धर्म बदलून नव्हे. त्यांनी आपले स्वयंपाकपाणी वेगळेच ठेवले. एका घरात दोन चुली. बायाबहिणींनो, पाणी वेगळे, भांडी वेगळी, आणि वर शेजारणींचे डोळे! हे काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. नाहीतर आपल्याकडे घरधनी म्हणेल तेच घराचे मत. लक्ष्मीबाईंनी आपल्या पायांनी वाट काढली. आधी मनातून जातीचा विटाळ गेला. ही जात देवाने केली की माणसाने, असा विचार त्यांच्या मनात उठला आणि तिथून गाठ सैल होत गेली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली राहुरीला. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी! या पाच वर्षांत कोणी त्यांना अविश्वासू म्हणाले असेल, कोणी हट्टी. मी त्यांना प्रामाणिक म्हणेन.

शुभवर्तमानातही एक बाप आहे. आजारी मुलाला घेऊन तो येशूकडे येतो आणि आपला विश्वास अपुरा आहे हे त्याच्याजवळच कबूल करतो. येशू त्याला हाकलून देत नाही, मुलाला बरे करतो. पुष्कळ पाळक यावर बोलताना मुलावर भर देतात. मला तो बाप जवळचा वाटतो.

तेव्हा घरात ज्याच्या मनात शंका असेल, त्याने ती निदान एका माणसाला सांगावी. नवऱ्याला सांगता येत नसेल तर सासूला, बहिणीला, नाहीतर पाळकाला. आणि ऐकणाऱ्याने लगेच वचने काढून तोंडावर मारू नयेत. थोडे ऐकून घ्यावे. प्रार्थनेच्या वेळी मन लागत नसेल तर त्या दिवशी उठून गाय दोहावी. देवाला त्याचा राग येईल असे मला वाटत नाही.

लक्ष्मीबाईंनी हे सारे ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिले आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. बाईंना शाळा अशी नव्हतीच, लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवले. गावच्या वाचनालयात पुस्तक मिळाले तर जरूर आणा. जाडजूड आहे, पण भिऊ नका. रात्री एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकावे. रडण्याजोगे त्यात पुष्कळ आहे, पण बाईंचा स्वभाव असा की मधेच हसू आवरत नाही आणि शेंगा तशाच राहतात.