नारायणगडाच्या पायथ्याची बेडूकवही

मृगाचा पहिला दणका पाऊस झाला की बीडच्या नारायणगडाच्या पायथ्याला डबक्या-डबक्यांतून रात्रभर गलका उठतो. त्यातले काही बेडूक उन्हाळाभर मातीत दडलेले असतात. मागच्या पायाच्या तळव्याला खुरप्याच्या पात्यासारखा टणक उंचवटा असतो. त्याने माती उकरत ते उलट्या पावली जमिनीत उतरतात, आणि पाऊस येताच वर येतात.

पश्चिम भारतातल्या अशाच एका मातीतल्या बेडकाला ‘पश्चिमा’ हे नाव मिळालं ते थेट 2017 साली. आंबोलीच्या कातळावरचा भेक 2009 साली जगापुढे आला. सह्याद्रीत अशा शोधासाठी अभ्यासक रात्र-रात्र बॅटऱ्या घेऊन फिरतात. बीडच्या माळावर कोण फिरणार? आपणच फिरायला हवं.

पावसाने ओढ दिली की आपल्या आज्या-पणज्यांनी धोंडीच्या बेडकावर तांब्याने पाणी ओतलं. ज्याच्याकडे पाऊस मागितला, त्याच्या जाती किती हे मात्र आपण कधी मोजलं नाही. मोजण्याआधीच बेडूक निघून चालले आहेत. डबकी बुजताहेत, तणनाशक वाहून पाण्यात उतरतंय. बेडूक कातडीवाटे पाणी पितो, म्हणजे ते विषही कातडीवाटेच आत जातं. शेतातली कीड खाणारा हा गडी राहावा, म्हणून 1987 साली देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. आता बांधावरची राखण आपल्याकडे आहे.

गावकऱ्यांनो, एवढं करू या. पहिल्या पावसानंतर दहा रात्री डबक्यापाशी उभे राहा आणि मोबाइलवर आवाज टिपा. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आवाज आला, तर तो नखाएवढा चिमुकला बेडूक. पिवळाधमक, गळ्याला दोन निळे फुगे असलेला दिसला, तर तो मोठ्या बेडकाचा नर. फोटो काढा, पण पकडू नका. तारीख, वेळ, शिवार लिहा. गुरुजींनो, शाळेत त्यासाठी एक वही ठेवा. शेतकऱ्यांनो, पिल्लांना पाय फुटेपर्यंत डबकं बुजवू नका, फवारा पाण्यापासून लांब ठेवा. पावसाच्या रात्री गडावर येणाऱ्यांनो, बेडूक चाकाखाली येऊ नयेत म्हणून गाडी सावकाश हाका.

नारायणगडावर, आपल्या धाकट्या पंढरीत, आपण भूतदयेचं कीर्तन ऐकतो. ती दया गड उतरून डबक्यापर्यंत पोचू द्या. यंदाच्या मृगात वहीचं पहिलं पान भरलंच पाहिजे.