परवाना कागदावर, जाळे पाण्यात

रविवारी सकाळी पिशवी घेऊन मासळीबाजारात जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी वेगळी सांगावी लागत नाही. पापलेट महागले आहे आणि लहानही झाले आहे. भावावरून आपण कोळणीशी हुज्जत घालतो. "दर्यातच नाय, तर मी कुठून आणू?" एवढेच म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. किनाऱ्यावरचा आजचा सर्वांत अवघड प्रश्न तिच्या या एका वाक्यात आला आहे. समुद्रात जाळे टाकण्याचा परवाना किती जणांना द्यायचा, आणि कोणाला?

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. आपल्याकडे मानपत्र बहुधा उतरत्या वयातच मिळते, पापलेटचेही तसेच झाले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ साली राज्यातील सागरी मासळीचे उत्पादन सुमारे २.०१ लाख टनांवर आले होते. गेल्या ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे बोटींना बरेच दिवस बंदरातच थांबावे लागले, हे खरे. परंतु सगळा दोष वादळांच्या माथी मारून चालणार नाही.

शेताला बांध असतो, समुद्राला नसतो. आपल्या शेतातले कणीस कोवळे असेल तर शेतकरी थांबतो. उद्या ते आपल्यालाच मिळणार, याची त्याला खात्री असते. समुद्रातल्या माशाबद्दल तशी खात्री कुणालाच नाही. मी आज सोडला तर उद्या तो दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार! मग थांबायचे कशासाठी? बोटीवर बँकेचे कर्ज असते, व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, डिझेलचा खर्च रोज वाढत असतो. अशा वेळी एकेकटा माणूस शहाणपणाने वागला तरी सगळे मिळून वेडेपणाच करतात. म्हणून कुणीतरी मर्यादा घालावी लागते.

ही मर्यादा सरकारी कचेरीतच जन्माला आली असे मात्र नाही. वसई, उत्तनपासून पालघर-डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात बोंबील धरण्यासाठी डोल जाळी लावतात. समुद्राच्या तळाशी खुंट रोवून त्यांना पिशवीसारखे जाळे बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाला काम करू द्यायचे. खुंट रोवण्याच्या या जागेला 'कव' म्हणतात. कोणती कव कोणत्या घराची, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. कवींवरून गावागावांत भांडणेही झाली. पण भांडायला निदान हद्द तरी होती! कव म्हणजे कागदाविना दिलेला परवानाच होता.

यंत्र आले आणि ही हद्द पुसली गेली. गोव्यात सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले, तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. त्या संघर्षातून गोव्यात १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. परवान्याशिवाय मासेमारी नाही, हे तत्त्व तेव्हापासून पुस्तकात आहे. पुढे पर्ससीन जाळे आले. माशांच्या थव्याभोवती शेकडो मीटरचे जाळे फिरवायचे आणि बटव्याची नाडी ओढावी तसे ते खालून आवळायचे. तारली, बांगड्याचा अख्खा थवा एका दमात बोटीवर येतो. दुसऱ्या दिवशी रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला काय उरणार? मालवण, आचऱ्याच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले एकमेकांसमोर उभे ठाकले ते यामुळेच.

डॉ. वि. श्री. सोमवंशी यांच्या समितीने या प्रश्नाचा अभ्यास केला आणि तिच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारने अधिसूचना काढली. नवे पर्ससीन परवाने बंद करायचे, असलेले टप्प्याटप्प्याने आधी २६२ आणि अखेर १८२ वर आणायचे, आणि पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चारच महिन्यांत होऊ द्यायची. निर्णय योग्य होता, धाडसाचाही होता. मग त्यानंतरही तंटा का मिटला नाही?

पहिले कारण साधे आहे. परवाने कमी झाले की बोटी आपोआप कमी होत नाहीत. ज्याच्याकडे परवाना आहे तो नियमात अडकतो आणि ज्याच्याकडे नाही तो रात्री बाहेर पडतो. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. तरीही तिच्याविरुद्धच्या तक्रारी आणि कारवाईच्या बातम्या थांबल्या नाहीत. २०२१ साली राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांच्या घरात नेला आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिले. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोनही फिरू लागले. ड्रोन बोट दाखवील, पण ती पकडायला गस्ती नौका आणि माणसे लागतात.

दुसरे कारण समजून घेण्यासाठी थोडे दूर, कॅनडाला जावे लागेल. पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९६८ साली सामन माशासाठी परवान्यांची संख्या गोठवण्यात आली. बोटी कमी झाल्या. परंतु उरलेल्यांनी जुन्या लहान बोटींच्या जागी मोठ्या, वेगवान, यंत्रसज्ज बोटी आणल्या, आणि मासे धरण्याची एकूण ताकद घटण्याऐवजी वाढत गेली. धडा स्पष्ट आहे. परवाना बोटीला मोजतो. मासा मात्र इंजिनाच्या ताकदीवर, जाळ्याच्या आसावर आणि समुद्रात घालवलेल्या दिवसांवर मरतो.

त्याच देशाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडमध्ये, याहून कडू अनुभव आला. शतकानुशतके कॉड मासा पुरवणारा तो समुद्र जुलै १९९२ मध्ये मासेमारीसाठी बंद करावा लागला. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी तीन दशके टिकली. २०२४ साली मर्यादित व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली. वेळेवर थोडे न थांबणाऱ्याला पुढे पुष्कळ थांबावे लागते, ते असे.

तिसरे कारण हद्दीचे आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, पुढे केंद्राचा. तामिळनाडूने पर्ससीनवर पूर्ण बंदी घातली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशाने १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस मुभा दिली. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही, पण बांगड्याला बारावा मैल कळत नाही. "आम्ही थांबलो तर शेजारच्या राज्यांचे ट्रॉलर येऊन घेऊन जातील," असे पर्ससीनवाले म्हणतात, ते म्हणूनच उडवून लावता येत नाही. त्यांच्याही बोटींवर कर्ज आहे आणि त्या बोटींवरच्या खलाशांनाही घरे आहेत.

म्हणून परवाने मर्यादित करावेतच. मात्र त्याबरोबर तीन गोष्टी हव्यात. परवान्यात बोटींच्या संख्येइतकेच इंजिन, जाळे आणि दिवसही बांधले जावेत. ज्याचा परवाना काढून घेतला त्याला बोट विकून दुसऱ्या धंद्यात जाण्यापुरता मोबदला मिळावा, नाहीतर तो चोरवाटेने परत येणारच. आणि उरलेले परवाने लिलावाने मोठ्या भांडवलाच्या हाती जाऊ नयेत. आइसलँडमध्ये मासे धरण्याचे कोटे खरेदी-विक्रीला मोकळे झाले. मासा सांभाळला गेला, पण कोटे मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाले आणि कित्येक किनारी गावांच्या हातचा धंदा गेला. आपल्याकडे मच्छीमार सहकारी संस्था गावोगाव आहेत. कोणाची बोट कुठे आणि कधी जाते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. त्यांना निर्णयात बसवले तर नियम मोडणारा सरकारच्या आधी गावाला जबाबदार राहील. कवीची जुनी रीत टिकली ती याच जबाबदारीवर.

आणि आपण? २०२३ सालीच राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. त्याहून लहान मासा धरणे बेकायदा आहे. तरीही टोपलीत पिल्ले दिसली की आपण स्वस्तात मिळाली म्हणून ती उचलतोच. एकदाही अंडी न घातलेला मासा आपल्या कढईत पडतो, तेव्हा पुढच्या हंगामातले ताटही आपण आजच वाढून घेतलेले असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि मगच त्याच्याकडे मागतात. आधी द्यावे, मग मागावे, ही ती रीत. परवान्याच्या कागदाला तेवढे भान आले, तर बाजारातल्या त्या कोळणीला पुन्हा "दर्यातच नाय" असे म्हणावे लागणार नाही.