मोजपट्टी जुनी, मूल नवे

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकाला पुणे आठवते. मी लिहितो आहे ते बंगळूरच्या जुन्या छावणीतल्या शिवाजीनगराविषयी. रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका, बाउरिंग रुग्णालय, कमर्शियल स्ट्रीट आणि तिला लागून असलेली सराफांची गल्ली हे सारे इथे हाकेच्या अंतरावर आहे. या वस्तीतले मूल घरात दखनी बोलते किंवा तमिळ, रस्त्यावर कन्नड ऐकते आणि शाळेत इंग्रजी वाचते. या मिश्रणात अधूनमधून मराठीही सापडते. सोन्याच्या गलाईसाठी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची कुटुंबे देशभर पांगली आहेत, आणि सराफकट्टा जिथे आहे तिथे ती पोचली आहेत.

समजा, अशाच एका घरातला आठ वर्षांचा मुलगा वाचनात मागे पडला. शिक्षिकेने सांगितले, 'तपासून घ्या.' आता प्रश्न असा, की त्याला तपासायचे कोणत्या भाषेत आणि कोणत्या मोजपट्टीने? बाल व किशोर चिकित्सा-मानसशास्त्राच्या संशोधनाबद्दल आपण गेली काही वर्षे जे उत्साहाने वाचत आहोत, त्यात या प्रश्नाला जवळजवळ स्थान नाही. माझी तक्रार ही आहे, आणि ती मी विशेषतः विद्यार्थ्यांपुढे मांडतो आहे, कारण ती दूर करणे त्यांच्याच हाती आहे.

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये मुलांच्या मनाविषयी काय येते ते आठवून पाहा. पडद्यामुळे मेंदूवर होणारा परिणाम, नैराश्य ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, समुपदेशन करणारे ॲप, मेंदूची रंगीत चित्रे. हे विषय क्षुद्र नाहीत. पण त्यांच्याविषयीचा आपला उत्साह पुराव्याच्या फार पुढे धावतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केली, तेव्हा आपल्याकडेही तशीच मागणी सुरू झाली. ओर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांच्या माहितीचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध केले होते. मुलांच्या स्वास्थ्यातल्या तफावतीपैकी डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येणारा वाटा त्यांना फार तर ०.४ टक्के आढळला. या निष्कर्षावर वाद आहेत आणि ते असावेत. पण ज्या प्रश्नावर तज्ज्ञांचे एकमत नाही तो आपल्याकडे सिद्धान्तासारखा सांगितला जातो, हे विज्ञानाच्या वाचकाला खटकले पाहिजे.

मेंदूच्या चित्रांचेही तसेच. वर्तन आणि मेंदूची रचना यांच्यातले सरसकट संबंध विश्वासार्हपणे सांगायचे तर हजारो व्यक्तींचा नमुना लागतो, हे मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले. त्याआधीचे कितीतरी अभ्यास काही डझन मुलांवर उभे होते. शाळांमधून सजगतेचे धडे दिले की मुले सावरतात, हीही एक लाडकी कल्पना होती. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर तिची पारख झाली. २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या शिक्षणापेक्षा फायदा दिसला नाही. नकारात्मक निकाल छापणे हे त्या संशोधकांचे मोठेपण. आपल्याकडे मात्र ती कल्पना अजून नवी म्हणून खपते.

आता मोजपट्टीकडे येऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेला त्यात स्थान मिळाले. प्रमाणपत्र कसे द्यायचे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित केली. त्यांनुसार आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचा बुद्ध्यंक आधी मोजायचा, तो ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची तपासणी पुढे न्यायची, आणि त्या तपासणीसाठी निम्हान्सचा चाचणीसंच वापरायचा. बुद्ध्यंकासाठी नावे होती दोन. एक, १९९१ ची अमेरिकी वेश्लर चाचणी. दुसरी, आर्थर मालिन यांनी नागपुरात तयार केलेली भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी. ती १९६९ ची आहे आणि तिचा पाया आहे १९४९ ची मूळ अमेरिकी चाचणी.

मालिन यांचे काम त्या काळी मोलाचे होते. त्यांच्याही आधी व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीचे रूपांतर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या मुलांसाठी केले होते. त्यांचा निबंध १९३४ मध्ये एका ब्रिटिश शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि बिने-कामत चाचणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. मुंबई-कर्नाटकात एकाच जिल्ह्यात दोन भाषांची मुले असतात हे कामतांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी दोन्ही भाषांत प्रत्यक्ष मुलांपुढे बसून प्रश्न पारखले. माझा राग या पूर्वसूरींवर नाही. त्यांच्या कामाला वारसा म्हणून नमस्कार करून ते पुढे न नेणाऱ्या आपल्यावर आहे.

जुन्या चाचणीने बिघडते काय? दोन गोष्टी बिघडतात, आणि त्या परस्परविरुद्ध दिशांनी. बुद्ध्यंक म्हणजे मुलाची त्याच्या वयाच्या इतर मुलांशी केलेली तुलना. 'इतर मुले' म्हणजे ज्यांच्यावर चाचणीचे मानदंड ठरले ती मुले. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले, की अमेरिकेत अशा चाचण्यांवरचे सरासरी गुण दर दशकात सुमारे तीनने वाढत गेले होते. वेग देशोदेशी वेगळा असतो, म्हणून तो आकडा जसाच्या तसा नागपूरला किंवा बंगळूरला चिकटवता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. आजच्या मुलाची तुलना अर्धशतकापूर्वीच्या मुलांशी केली, तर त्याचे गुण फुगून येण्याचा धोका असतो. ज्याला खरोखरच बौद्धिक अक्षमता आहे असे मूल ७० च्या रेषेच्या वर दिसू शकते आणि मदतीला मुकते.

दुसरा बिघाड भाषेचा. गलाईवाल्याच्या मुलाला इंग्रजीत शब्दार्थ विचारले, किंवा तपासनीसाने ऐन वेळी मनातल्या मनात भाषांतर करून विचारले, तर त्याचे गुण खाली येतात. तो ८५ च्या खाली घसरला की नियम त्याला अध्ययन अक्षमतेच्या दारातूनच परत पाठवतो. ७० ते ८५ यांच्या मधल्या पट्टीतल्या मुलाला ना एक प्रमाणपत्र मिळते ना दुसरे. त्याला मिळतो तो 'मंदगती' हा शेरा. एक चूक गुण वाढवते, दुसरी घटवते, तेव्हा सरासरीत सारे ठीकच दिसेल, असे कुणी म्हणेल. सरासरी ठीक दिसेलही. पण प्रमाणपत्र सरासरीला मिळत नाही. ते मिळते किंवा नाकारले जाते एका मुलाला.

'मग चाचणीचे भाषांतर करून घ्या' हा उपाय सोपा वाटतो, आणि तिथेच खरा विज्ञानाचा प्रश्न सुरू होतो. तेवीस ही संख्या घ्या. मराठीत तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. कन्नडमध्ये 'इप्पत्तमूरु' म्हणताना वीस आधी येतात. एकोणतीस ऐकताना मराठी मुलाला तिसातून एक वजा करावा लागतो; कन्नड मूल सरळ वीस आणि नऊ म्हणते. 'तेवीस' ऐकून ३२ लिहिणाऱ्या मराठी मुलाची चूक आकडे उलटे दिसण्याची आहे, की भाषेने आखून दिलेल्या वाटेची? २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' ही पद्धत आणली, तेव्हा महाराष्ट्रभर विनोदांचा पाऊस पडला. मंगला नारळीकर शांतपणे तिची बाजू मांडत राहिल्या. पद्धत पटो वा न पटो, मुलाला संख्या ऐकताना काय अडते हा प्रश्न पूर्णपणे वैज्ञानिक होता. आपण त्यावर हसलो. मोजमाप मात्र केले नाही.

लिपीचेही असेच आहे. इंग्रजीत बी आणि डी यांची अदलाबदल हे ठळक लक्षण म्हणून शिकवले जाते. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते, उच्चार मात्र नंतर. जोडाक्षरे, रफार, अनुस्वार यांच्या चुका वेगळ्या घडणीच्या असतात. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसले, की अक्षरमाला आत्मसात व्हायला पहिली काही शालेय वर्षे लागतात आणि सुट्या ध्वनींची जाणीव इंग्रजीच्या तुलनेत उशिरा येते. म्हणजे इंग्रजीच्या वेळापत्रकाने पाहिले, तर निरोगी कन्नड किंवा मराठी मूलही मागे पडलेले दिसू शकते.

असे काम अशक्य आहे का? मुळीच नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी 'डाली' हा संच तयार केला. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुलांमधला वाचनदोष ओळखण्यासाठी तो आहे. ज्या संस्थेच्या नावातच मेंदू आहे, तिथूनच भाषेची ही मोजपट्टी निघाली, हे ध्यानात घ्यावे. यंत्र आणि भाषा यांचे वैर नाही. वैर आहे ते प्रतिष्ठेच्या वाटणीत. मेंदूच्या चित्राला बातमी मिळते. पाच जिल्ह्यांतल्या मुलांवर मानदंड ठरवणाऱ्याला 'यात नवीन काय?' असे विचारले जाते.

गणतीची अवस्था पाहा. बंगळूरच्या शहरी मध्यमवर्गीय, झोपडपट्टी आणि ग्रामीण भागांतल्या शून्य ते सोळा वयाच्या २०६४ मुलांचा अभ्यास शोभा श्रीनाथ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. १२.५ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले आणि तिन्ही वस्त्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र आपल्या मुलाला काही अडचण आहे असे वाटणारी कुटुंबे केवळ ३७.५ टक्के होती. पुढे २०१५-१६ मध्ये निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के प्रमाण निघाले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत ना कर्नाटक होते ना महाराष्ट्र. ७.३ टक्के हा आकडा आपण भाषणांतून देशाचा म्हणून सांगतो. त्यात शिवाजीनगरचे मूल नव्हते आणि सांगलीचेही नव्हते.

उपचारांच्या संशोधनात आपल्याकडे अभिमानाची उदाहरणे आहेत. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये झालेल्या 'सेहर' चाचणीत, प्रशिक्षण दिलेल्या बिगरतज्ज्ञ समुपदेशकाने चालवलेल्या कार्यक्रमाने शाळेचे वातावरण सुधारले. तोच कार्यक्रम शिक्षकांच्या हाती दिला तेव्हा फायदा झाला नाही. २०१८ चा हा निकाल एकाच वेळी आशा देतो आणि ताकीदही: काम कोण करतो यावर परिणाम ठरतो. तरीही आपल्याकडे 'शिक्षकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्या' हा ठराव दरवर्षी नव्याने होतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. आदेश स्वागतार्ह आहे. पण तो समुपदेशक मुलाशी कोणत्या भाषेत बोलेल आणि त्याच्या टेबलावर कोणती प्रश्नावली असेल, हे न्यायालय ठरवू शकत नाही. ते संशोधनाचे काम आहे.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. काही मित्र म्हणतात, चाचण्या हीच मुळात वर्गीकरणाची हिंसा आहे. त्या सुधारू नका, टाकून द्या. या म्हणण्यामागची वेदना खरी आहे. पण चाचणी काढून टाकली तर तिच्या जागी येतो तो शिक्षकाचा अंदाज, आणि अंदाज हा गरीब, परभाषिक, गप्प मुलाच्या बाजूने क्वचितच लागतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलाचे वाचन अडले तर 'हुशार आहे, पण काहीतरी अडते' असे म्हटले जाते. गलाईवाल्याच्या मुलाला म्हणतात, 'घरी अभ्यास नाही.' चांगली मोजपट्टी या पूर्वग्रहाला उत्तर देऊ शकते. वाईट मोजपट्टी त्याच पूर्वग्रहावर आकड्याचा शिक्का मारते.

म्हणून, मानसशास्त्राच्या, भाषाविज्ञानाच्या, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, पुढचा प्रबंध निवडताना एकदा थांबा. परदेशी प्रश्नावली शंभर महाविद्यालयीन मित्रांकडून भरून घेऊन तणाव आणि मोबाइल यांचा सहसंबंध काढणारे प्रबंध पुरेसे झाले. त्याऐवजी एका उपचाचणीचे मराठी रूप घ्या, दोन जिल्ह्यांतल्या मुलांवर पारखा, चुकांची यादी करा, आणि कच्ची माहिती खुली ठेवा. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला दोन्ही भाषांत तपासले तर निदान कितीदा बदलते, एवढेच मोजा. हे काम मथळ्यात येणार नाही. पण ते करायला महागडे यंत्र लागत नाही. लागते ती मुलाशेजारी जमिनीवर बसण्याची तयारी. कामतांनी ती नव्वद वर्षांपूर्वी दाखवली होती.

आणि वाचकांनो, मुलांच्या मनाविषयीची पुढची मोठी बातमी वाचाल तेव्हा तीनच प्रश्न विचारा. किती मुले होती? कुठली होती? त्यांना कोणत्या भाषेत विचारले? उत्तरे बातमीत नसतील, तर ती बातमी शिवाजीनगरच्या त्या आठ वर्षांच्या मुलाविषयी काहीही सांगत नाही. तो अजून तपासणीच्या रांगेत आहे, आणि आठवे वर्ष त्याला पुन्हा मिळणार नाही.