केबल जोडायची पक्कड घेताना

विश्रांतवाडीच्या चौकातून धानोरीकडे वळा, कळसकडे वळा किंवा टिंगरेनगरकडे वळा. इमारतींच्या भिंतींवरून निळ्या, करड्या, काळ्या वायरी खाली उतरलेल्या दिसतात. काही इंटरनेटच्या, काही कॅमेऱ्यांच्या. या वायरी ओढणारी पोरे पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतली असतात. भिंतीला भोक पाडणे, पट्टी ठोकणे, शिडीवर चढून वायर ओढणे, हे सारे तीच करतात. पण वायरीच्या टोकाला कनेक्टर बसवायची वेळ आली की कंत्राटदाराचा माणूस आपल्या पिशवीतून पक्कड काढतो. वायर ओढणारा तो ‘हेल्पर’ आणि टोक बसवणारा तो ‘टेक्निशियन’! काम एकाच भिंतीवरचे, पण मजुरी वेगळी आणि मानही वेगळा.

ही पक्कड म्हणजेच क्रिंपिंग टूल. ती आपल्या मुलामुलींच्या हाती यावी, आणि घेताना त्यांची फसगत होऊ नये, म्हणून या वेळचे सदर आम्ही तिच्यासाठी राखून ठेवले आहे.

आधी काम समजून घ्या

नेटवर्कच्या केबलीत आठ बारीक तारा असतात. त्या दोन-दोन अशा पिळलेल्या असतात, म्हणजे चार जोड्या. हा पीळ शोभेसाठी नसतो. शेजारच्या तारेतली आणि बाहेरच्या विजेची खळबळ तो मारतो. टोकाला बसतो तो आठ सोनेरी दात्यांचा पारदर्शक कनेक्टर. बाजारात त्याला ‘आरजे-४५’ म्हणतात. पक्कड दाबली की हे आठही दाते खाली उतरून प्रत्येक तारेचे प्लॅस्टिक भेदतात आणि तांब्याला भिडतात. त्याच दाबाने मागची एक पाचर केबलीच्या बाहेरच्या सालीवर बसते आणि तिला धरून ठेवते. एवढे दोनच दाब. पण ते सारखे आणि पुरते पडले पाहिजेत. पक्कड चांगली की वाईट, याचा सगळा निवाडा या दोन दाबांत आहे.

पक्कड निवडण्याच्या खुणा

पहिली खूण रॅचेटची. रॅचेटची पक्कड दाबताना कटकट आवाज करते आणि दाब पुरा झाल्याशिवाय उघडतच नाही. साध्या पकडीत दाब किती द्यायचा हे हाताच्या अंदाजावर असते. सकाळी हात ताजा असतो, संध्याकाळी तो थकतो, आणि चाळिसावा कनेक्टर कच्चा राहतो. रोज काम करणाऱ्याने रॅचेटचीच घ्यावी. मध्येच अडकली तर सोडवण्यासाठी तिला छोटी कळ असते. ती आहे ना, हे पाहून घ्यावे.

दुसरी खूण दाब सरळ पडण्याची. हलक्या पकडीचा जबडा तिरका बसतो. मग मधले दाते खाली जातात आणि कडेचा पहिला किंवा आठवा दाता वर राहतो. हे ओळखायला सोपे आहे. दुकानात जाताना दोन-तीन कनेक्टर आणि हातभर केबल बरोबर न्या. तिथेच एक टोक दाबा आणि कनेक्टर डोळ्यांसमोर आडवा धरून पाहा. आठही दाते एका ओळीत आणि प्लॅस्टिकच्या कडेपेक्षा खाली गेलेले दिसले पाहिजेत. दुकानदार करून बघू देत नसेल तर पुढच्या दुकानात जावे. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत, दुकानांची वाण नाही.

तिसरी खूण कनेक्टरच्या जातीची. हल्ली दोन प्रकारचे कनेक्टर मिळतात. जुना बंद तोंडाचा, त्यात तारा मोजून कापून आत सरकवाव्या लागतात. दुसरा आरपार, ज्यातून तारा पुढून बाहेर येतात, रंगांचा क्रम डोळ्यांनी पाहता येतो, आणि दाबताना पकडीचेच पाते त्यांची टोके छाटते. शिकणाऱ्याला आरपारचा सोपा. पण त्याला छाटणारे पाते असलेली पक्कडच लागते, साधी चालत नाही. पाते बोथट झाले की तांब्याचे तुसे बाहेर राहतात, ते एकमेकांना टेकले की लाइन बिघडते. म्हणून अशा पकडीचे सुटे पाते मिळते का, हे घेण्याआधी विचारावे. आरपारची पक्कड सहसा बंद कनेक्टरही दाबते. तरी तेही दुकानातच करून बघावे.

चौथी खूण खाचांची. पुष्कळ पकडींना आठ तारांच्या खाचेबरोबर टेलिफोनच्या सहा आणि चार तारांच्याही खाचा असतात. घरोघरचा तारेचा फोन आता कमी झाला आहे. जास्त खाचा म्हणजे जास्त चांगली पक्कड असे नाही. आठाची एकच खाच पक्की असेल तर ती तीन कच्च्या खाचांपेक्षा बरी.

पाचवी खूण मुठीची. लांब मुठीच्या पकडीला जोर कमी लागतो. हे काम आपल्या भगिनींना सहज जमण्यासारखे आहे. त्याला ताकदीपेक्षा नजर आणि बोटांची सफाई लागते. तेव्हा पक्कड घेताना घरातल्या मुलीलाही ती हातात धरून पाहू द्यावी.

भाव दुकानागणिक बदलतो. साधी पक्कड दोन-तीनशेपासून मिळते, रॅचेटची बरी पक्कड हजाराच्या आसपास जाते. फरक मोठा वाटेल. पण कच्च्या टोकासाठी तिसऱ्या मजल्यावर पुन्हा चढावे लागले, तर तो दिवस फुकट जातो आणि गिऱ्हाईकही तुटते. मात्र घरात एकाच संगणकासाठी दोन मीटरची केबल हवी असेल, तर पकडीच्या भानगडीत पडू नका. तेवढ्यापुरती तयार केबल विकत घेणेच शहाणपणाचे.

रंगांचा क्रम पाठ करा

चांगली पक्कड असून क्रम चुकला तर काय उपयोग? कनेक्टरची खिट्टी खाली, सोनेरी दाते वर आणि केबल आपल्याकडे, असे धरावे. मग डावीकडून क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. याला ‘५६८-बी’ म्हणतात. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा.

नवशिका म्हणतो, चारही जोड्या ओळीने लावल्या आणि दोन्हीकडे सारख्याच लावल्या, तर काय बिघडले? बिघडते ते असे. तिसरी आणि सहावी ही एका जोडीची जागा आहे. हिरवी जोडी तीन-चारवर आणि निळी पाच-सहावर लावली की तीन-सहाचा संदेश दोन वेगळ्या जोड्यांत विभागला जातो आणि पिळाचा फायदा संपतो. दिव्याच्या स्वस्त टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, कारण तो फक्त तार इकडून तिकडे पोहोचली की नाही एवढेच पाहतो. पण लांब केबलीवर वेग पडतो आणि गिऱ्हाईक फोन करत राहते. टेस्टर पकडीबरोबरच घ्यावा हे खरे. पण तो पाठांतराची जागा घेत नाही.

आठही तारा लागायला हव्यात, यालाही कारण आहे. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जुन्या वेगाला एक, दोन, तीन आणि सहा या चारच तारा पुरत. १९९९ साली १००० मेगाबिटचे जे मानक ठरले त्याला चारही जोड्या लागतात. एखादी तार कच्ची राहिली की पुष्कळ यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालते, पण हळू चालते, आणि दोष कंपनीच्या माथी जातो.

आणखी काही गोष्टी गाठीला बांधाव्यात. टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये. साल सोलताना आतल्या तारांना चीर पडू नये. पडली तर टोक कापून पुन्हा सोलावे. बाहेरची साल कनेक्टरच्या आत, पाचरीखाली गेलीच पाहिजे, नाहीतर ओढ सगळी तारांवर येते. यंत्रापासून यंत्रापर्यंत एकूण अंतर १०० मीटरच्या आत ठेवावे. ‘कॅट-६’ची तार जाड असते, तिला तिचाच कनेक्टर लावावा. भिंतीतल्या केबलीचे टोक भिंतीवरच्या सॉकेटात बसवायचे असेल, तर तिथे क्रिंपिंग टूल चालत नाही, क्रोन टूल लागते. कापलेले तांब्याचे तुकडे वेचून घ्यावेत. त्या फरशीवर कोणाची तरी लेकरे रांगत असतात.

तांबे की मुलामा?

आता पकडीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट. बाजारात स्वस्त केबलीचे खोके मिळतात, ज्यांत तार ॲल्युमिनियमची असते आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा असतो. पात्याने तार खरवडली की आतून पांढरी चकाकी दिसते. खोकाही उचलताना हलका लागतो. ही तार वाकवली की लवकर तुटते आणि विजेला जास्त अडवते. कॅमेऱ्याला वीजही त्याच केबलीतून पाठवतात. २००३ सालच्या मानकाप्रमाणे ती १५.४ वॉटपर्यंत असते. अशा ठिकाणी मुलाम्याची तार तापते, आणि लांबच्या कॅमेऱ्याला वीज पुरत नाही. नेटवर्कच्या केबलीला शुद्ध तांबेच हवे, असे मानक सांगते.

मुलाम्याची केबल घालून तांब्याचे पैसे घेणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाला कळतही नाही. पण तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे, ती अशाच वेळी कसाला लागते. पंचशील घेताना आपण न दिलेली वस्तू घेणार नाही असे म्हणतो. न घातलेल्या तांब्याचे पैसे घेणे हे त्याच्या विरुद्ध नव्हे काय? गिऱ्हाइकाला पैसे कमी असतील, तर ही केबल हलकी आहे आणि तिचे आयुष्य कमी आहे, हे स्पष्ट सांगावे. मग त्याची मर्जी. ‘त्या पोराने बसवलेली लाइन चार वर्षे हलली नाही’ हे एका बाईने शेजारणीला सांगितले, तर तेवढी जाहिरात पुरते.

जिवाला जपणे हाही धम्मच आहे. विजेच्या तारेला लगटून नेटची केबल ओढू नये. महावितरणच्या खांबावर परवानगीवाचून चढू नये. पावसात आणि विजा चमकत असताना गच्चीवर काम करू नये. कंत्राटदार घाई करत असेल तरी शिडी धरायला दुसरा माणूस असल्याशिवाय वर जाऊ नये. नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

हत्यार कोणाचे?

जातीने माणसाला कामाच्या एकाच पायरीवर कसे जखडून ठेवले, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले, त्यात उच्च शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणाचीही मागणी होती. आपल्या मुलांच्या हाती झाडूऐवजी यंत्राचे ज्ञान यावे, हा त्यामागचा विचार होता.

आज विश्रांतवाडीत बाबासाहेबांच्या नावाचे सामाजिक न्याय भवन उभे आहे. पलीकडे येरवडा-खराडीला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. त्या इमारतींत आपली माणसे आजही बहुतेक सफाईला आणि फाटकावर दिसतात. सफाई हे हलके काम आहे असे आम्ही म्हणत नाही. कोणतेही श्रम हलके नसतात. पण घरातल्या पुढच्या पिढीलाही तेच एक दार उघडे असावे, हे आम्हाला मान्य नाही. हजार रुपयांची पक्कड क्रांती करत नाही, हे खरे. पण ज्याचे हत्यार त्याचे काम, आणि ज्याचे काम तोच दर सांगतो. कंत्राटदाराच्या पिशवीतले हत्यार आपल्या पिशवीत आले की बोलण्याचा सूर बदलतो.

हजार रुपये एकट्याला जड जात असतील, तर चार पोरांनी मिळून घ्यावी. महिला मंडळाने किंवा विहाराच्या समितीने एक पक्कड, एक टेस्टर आणि शंभर कनेक्टर घेऊन विहारात ठेवावेत. वहीत नोंद करून पक्कड न्यावी आणि परत आणावी. पाते बोथट झाले तर वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून बदलावे. रविवारच्या वंदनेनंतर तासभर, ज्याला येते त्याने बाकीच्यांना शिकवावे. जुन्या केबलीचे तुकडे सरावाला चालतात. पहिले दहा कनेक्टर वाया जातील, त्याची खंत करू नये. विसावा बिनचूक बसेल. दहावी झालेल्यांनी आयटीआयमध्ये संगणक व नेटवर्क देखभालीचा व्यवसाय कुठे शिकवतात याचीही चौकशी करावी, कारण हाताच्या कसबाला प्रमाणपत्राची जोड मिळाली की मोठ्या कामाचे दार उघडते.

आई-वडिलांना आमचे एवढेच सांगणे आहे की, मुलगा किंवा मुलगी वायरीचे तुकडे घेऊन बसली तर ‘काय पसारा मांडलाय’ म्हणून रागावू नका. जवळ बसून विचारा, कोणता रंग कितवा? तुम्हाला सांगता सांगता तिचे पाठ होईल, आणि तुमचेही.

जयभीम!