मराठे वजा पावसाळा

माझी अर्धी हयात जमा आणि वजा या दोन शब्दांत गेली आहे. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि तेव्हापासून लोकांची खाती जुळवतो आहे. सध्या नोकरी नांदेडला गोदावरीकाठी आणि बिऱ्हाड लातूरला नळाकाठी, अशी विभागणी आहे. सांगायचा मुद्दा हा, की कुठे काही गुपचूप वजा केलेले असले तर ते मला वासावरून कळते. परवा रविवारी असेच झाले. संगणकावर लढाईचा खेळ खेळता खेळता आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, या की. तुम्हाला मराठे देतो."

मराठे देतो म्हटल्यावर कोणता मराठी माणूस नको म्हणेल? मी चष्मा पुसून बसलो. 'एम्पायर : टोटल वॉर' हा २००९ सालचा खेळ. त्यात अठराव्या शतकातले जग, त्या जगात मराठ्यांचे राज्य, आणि ते चालवायला मी! शाखेतला शिपाई ज्याचे ऐकत नाही, त्याच्या हुकमात पन्नास हजार घोडी असल्याचा भास झाला. दोन-चार चाली झाल्यावर मी सहज विचारले, "पावसाळा कधी लागतो रे?"

"लागत नाही."

"म्हणजे?"

"वर्षाला दोनच चाली असतात, बाबा. एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची."

मी आधीच बसलेला होतो म्हणून बरे. मराठे आहेत, घोडी आहेत, तोफा आहेत, पावसाळा नाही! अहो, पावसाळा वजा केला तर मराठे शिल्लक राहतात किती? पाऊस लागायच्या आत फौजा घरी परतायच्या, हातातला भाला ठेवून लोक नांगर धरायचे, चार महिने नद्या दुथडी भरून वाहायच्या आणि दसऱ्याला सोने लुटून पुन्हा सीमोल्लंघन व्हायचे. पावसाळाच नसेल तर दसरा कशाचा? हा खेळ करणारे साहेब इंग्लंडातले. त्यांच्याकडे लढाई बर्फात अडकते, आमच्याकडे चिखलात. त्यांनी आपला बर्फ नीट आठवणीने ठेवला आणि आमचा चिखल तेवढा पुसून टाकला. नाही म्हणायला 'युरोपा युनिव्हर्सॅलिस' नावाच्या दुसऱ्या एका खेळात मान्सून आहे, तो करणारे लोक स्वीडनचे. म्हणजे आमचा पाऊस स्टॉकहोमपर्यंत पोचला, लंडनला पोचला नाही!

मग मी चिरंजीवांचे बाकीचे खेळही तपासायला घेतले. आम्ही शाखेचे ऑडिट पाहिलेली माणसे, एकदा वही उघडली की मिटत नाही. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागात उंचावरून मारा केला तर मार पंचवीस टक्के जास्त बसतो. मला पहिल्यांदा वाटले की हा व्याजाचा दर आहे. टेकडी म्हणजे पंचवीस टक्के! १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज महाराजांनी जंगलात आणि खिंडीत अशी कोंडली, की शरण येण्यावाचून त्याला वाट उरली नाही. ती काय पंचवीस टक्क्यांची करामत होती? याच खेळातला शिपाई तयार होताना एकदाच काय ते अन्न घेतो. त्यानंतर जन्मभर ना भाकरी मागतो, ना पाण्याचा घोट. आता १७२८ साली वैजापूरजवळच्या पालखेडला बाजीरावाने निजामाला टेकीला आणले ते कशाने? निजामाची फौज अशा जागी कोंडली, की तिला पाणी मिळेना. जे शिपाई पाणीच पीत नाहीत, त्यांच्या जोरावर पालखेड कसे जिंकायचे? बाजीराव या खेळात उतरला असता तर पहिल्याच डावात हरला असता.

नदीचीही तीच गत. खेळातली नदी ओलांडताना फार तर चाल थोडी मंदावते. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊसाहेबांनी निजामाला हरवले आणि मार्चमध्ये परतूरहून ते उत्तरेला निघाले. पुढे पावसाळ्यात यमुनेला पूर. भाऊ अलीकडे, अब्दाली पलीकडे. शेवटी ऑक्टोबरात अब्दालीच बागपताजवळ नदी उतरून आला आणि भाऊंचा दक्षिणेकडचा रस्ता तुटला. पानिपतावर आम्ही इतके रडलो, पण त्या यमुनेचे खाते कोणी नीट तपासले? आणि पूर म्हणाल तर तो पक्षपाती नसतो. १७०० साली सोलापूरकडच्या खवासपूरला माण नदीचा पूर रात्री औरंगजेबाच्या छावणीत शिरला, त्या गडबडीत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो उरलेला जन्म लंगडत चालला. आमच्या माण नदीने आलमगिराला जे केले, ते यांच्या खेळातली एकही नदी करीत नाही.

चिरंजीव माझ्यासारखेच हट्टी. म्हणाले, "बाबा, तुमची माहिती जुनी आहे. 'सिव्हिलायझेशन'च्या सहाव्या भागात २०१९ पासून सगळ्या आपत्ती आहेत. पूर, दुष्काळ, वादळ, ज्वालामुखी. हे बघा." आणि त्याने मला एक खिटी दाखवली. शून्यापासून चारपर्यंत. आपत्ती किती तीव्र हव्यात ते आपणच ठरवायचे. त्याची खिटी अर्थातच शून्यावर होती. "नाहीतर मजा जाते," तो म्हणाला.

खरे सांगतो, खेळ हुशारीने केलेला आहे. पूर येऊन गेला की तिथली जमीन सुपीक होते. कोळसा फार जाळला तर समुद्र चढतो. पाट बांधला की दुष्काळात अन्न घटत नाही. पण माझ्या कॉमर्सच्या डोळ्यांना एक खोट दिसली. सगळी नोंद एकेरी! पूर आला, इतके वजा. दुष्काळ पडला, तितके वजा. पुढची चाल. आता दुहेरी नोंदीचा नियम असा, की एका खात्यातून गेले ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात दिसलेच पाहिजे. गेले ते कोणाच्या घरातून गेले, हे त्या वहीत लिहायला रकानाच नाही.

आणि त्या यादीत भूकंप नव्हता. मी दोनदा वाचली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी लातूरपासून चाळीसेक किलोमीटर. मी शाळकरी पोर होतो. वडिलांनी मला उचलून अंगणात आणले एवढे आठवते. सकाळ झाली तेव्हा कळले, की गावेच्या गावे गेली. जवळजवळ दहा हजार माणसे मेली. त्यांना जमिनीने मारले म्हणावे, तर तेही अर्धेच खरे. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारी ती घरे त्या पहाटे अंगावर आली. बरे, आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसलेच होते. म्हणजे खात्यावर नोंद पडली होती. ती वाचली कोणी नाही. आपत्ती अचानक येते हे खेळातले तत्त्व. प्रत्यक्षात तिची रक्कम आधीपासून चढत असते.

दुष्काळाचे तर विचारूच नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. 'जलदूत'. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक पाहुणा उतरवून घ्यायला जावेत तसे पाणी बघायला गेले. मांजरा धरण कोरडे पडले होते. खेळातल्यासारखा पाट आम्ही बांधला नव्हता का? धरण बांधले, कालवे काढले आणि मग त्याच तहानलेल्या मुलखात ऊस लावत सुटलो. पाऊस कमी पडला हे खरेच. पण घागरीतले उसात गेले, ही दुसऱ्या बाजूची नोंद करायला आम्हालाही रकाना सापडला नाही. आमची खिटीसुद्धा तेव्हा शून्यावरच होती.

"पण बाबा, तो खेळ आहे," असे चिरंजीव म्हणणार हे मला ठाऊक होते आणि तो म्हणालाच. अरे, खेळ आहे म्हणूनच भांडतो आहे! पोथी कोणी वाचत नाही, इतिहासाचे पुस्तक परीक्षेपुरते. राज्य कसे चालते हे तुमची पिढी शिकते ती या पडद्यावर. तिथे नदी म्हणजे निळी रेघ, डोंगर म्हणजे टक्केवारी आणि दुष्काळ म्हणजे मजा घालवणारी गोष्ट, असे शिकून उद्या हीच पोरे कलेक्टर आणि इंजिनियर होणार. मंत्र्यांचे सांगत नाही. ते हा खेळ आधीपासून शिकलेले असतात.

चिरंजीव जरा गप्प झाले. मग खिटीवर बोट ठेवून म्हणाले, "बरं, किती ठेवू? दोन? तीन?"

मी गंभीरपणे आकडा सांगणार, तोच आतून आईचा आवाज आला, "काय करलालास रे तिथं दोघं? नळाला पाणी आलंय! घागरी लावा!"

मराठ्यांचे राज्य भर चालीत तसेच सोडून आम्ही बापलेक उठलो.