मेले ते बरंच झालं?

'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' ही मालिका ऑक्टोबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, तेव्हापासून एकच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. मेले ते बरंच झालं. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या भाच्याने तर सहाही भावंडांच्या मरणाला क्रमांक दिले होते. 'प्रॉस्पेरोचं एक नंबर, खाला. टॅमरलेनचं आरशांचं दोन नंबर.' स्टाफरूममधल्या एका तरुण सहकारी बाईंचं म्हणणं, एवढं समाधान त्यांना दुसऱ्या कुठल्याच मालिकेने दिलं नाही. उर्दू ड्रामे बघणारी आमची बायकामंडळी अशा वेळी ठरलेला शब्द वापरतात, मकाफात-ए-अमल. केल्या कर्माचं फळ. भरभरून बोलतात, जणू मिठाई वाटतायत.

मी आठही भाग पाहिले. मालिका वाईट नाही. तक्रार तिच्याबद्दल आहे त्याहून जास्त आपल्याबद्दल आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉडरिक आणि मॅडलिन हे अशर भाऊ-बहीण फॉर्च्युनॅटो नावाच्या औषध कंपनीचे मालक. त्यांचं लिगोडोन हे वेदनाशामक लोकांना व्यसनी करतं, मारतं, आणि यांना अब्जाधीश करतं. १९७९ च्या शेवटच्या रात्री एका बारमध्ये व्हर्ना नावाची बाई त्यांना भेटते. ती माणूस नाही हे आपल्याला हळूहळू कळतं. ती सौदा मांडते: तुम्हाला हवं ते मिळेल, कायदा तुमच्या केसालाही धक्का लावणार नाही. बदल्यात तुमचा वंश तुमच्याबरोबर संपेल, आणि मुलं तुमच्या आधी जातील. दोघं हो म्हणतात. रॉडरिकला त्या वेळी दोन मुलं आहेत, फ्रेडरिक आणि टॅमरलेन. पुढे वेगवेगळ्या बायकांपासून आणखी चार होतात. मग म्हातारपणी वसुली सुरू होते आणि सहाही जण एकामागून एक, भयंकर रीतीने मरतात.

आता मला सांगा, सही कोणी केली?

सहापैकी एकालाही त्या सौद्याचा पत्ता नाही. दोघं त्या रात्री लहान होते, बाकीचे जन्मलेच नव्हते. 'पण खाला, ते सगळे हरामी होते ना,' हे भाच्याचं उत्तर. होते. फ्रेडरिकने स्वतःच्या जखमी बायकोचे दात उपटले, त्याच्यासाठी मी एक अश्रू गाळणार नाही. व्हिक्टोरीन माणसांच्या हृदयाशी खोटेपणा करून खेळायला निघाली होती. पण दिग्दर्शक माइक फ्लॅनगनची हुशारी नेमकी इथे आहे. त्याने प्रत्येकाला मरण्याआधी एवढं किळसवाणं करून ठेवलं की आपण सौदा विसरतो. त्यांच्या गुन्ह्याची ही शिक्षा आहे असं आपल्याला वाटू लागतं. ती तशी नाही. ते संत असते तरी मेले असते.

याचा पुरावा मालिकेतच आहे. लेनोर. फ्रेडरिकची मुलगी, रॉडरिकची नात. संपूर्ण खानदानात तिचंच काळीज जागेवर. आईला बापाच्या तावडीतून तीच सोडवते. आणि तीही मरते, कारण सौदा रक्ताचा आहे. व्हर्ना तिला हळुवारपणे नेते एवढाच काय तो फरक. या एका मरणावर सगळे प्रेक्षक हळहळले. 'बिचारीची काय चूक?' असं तेच लोक म्हणाले, ज्यांनी आधीच्या सहा भागांत नंबर लावले होते. कायदा एकच होता. लेनोरला अन्याय म्हणायचं आणि लिओला मजा म्हणायचं, हे कुठल्या तराजूत बसतं? लिओ नशेबाज होता, आळशी होता, जोडीदाराशी खोटं बोलत होता. त्यासाठी बाल्कनीतून खाली?

(लिओचं काम करणारा राहुल कोहली याच दिग्दर्शकाच्या २०२१ च्या 'मिडनाइट मास'मध्ये शेरीफ हसन होता. अमेरिकन पडद्यावर इतका साधा, इतका थकलेला मुसलमान बाप मी दुसरा पाहिलेला नाही. तो फार लांब बोलतो अशी तक्रार ऐकली. मला वाटलं, आमच्या माणसाला पहिल्यांदाच कुणी बोलू दिलंय, तर बोलू द्या.)

एडगर ॲलन पोची मूळ कथा १८३९ ची. तिच्यात ना कंपनी, ना सौदा, ना सहा मुलं. एक आजारी भाऊ, एक आजारी बहीण, एक भेगाळलेलं घर आणि एक भेदरलेला पाहुणा. वंश संपतो, घर तळ्यात जातं. कुणाला कशाची शिक्षा होते आहे हे पो सांगत नाही, म्हणून ती कथा वाचून कुणी 'बरं झालं' म्हणत नाही. अंगावर काटा येतो, आणि त्या काट्यात थोडी दया असते. फ्लॅनगनने त्या घराला खातेवही जोडली. आपल्याला खातेवही फार आवडते.

आपल्याकडे तर ती घरोघरी आहे. एखाद्या सावकाराच्या घरात अपंग मूल जन्मलं की गावात कुजबुज सुरू, गरिबाचा तळतळाट लागला. आमच्या मोहल्ल्यात म्हणतील, किसी की हाय लगी. बोलणाऱ्याला वाटतं आपण सावकाराला शिव्या दिल्या. शिवी मात्र त्या मुलाला बसते. त्याच्या पांगळ्या पायांची आपण पावती केली. आणि हे म्हणणारे नमाजी लोक असतात, ज्यांच्या कुरआनात पाच वेगवेगळ्या ठिकाणी बजावलं आहे की ज्याचं ओझं त्याच्याच पाठीवर.

फ्लॅनगनने अशर कुठून उचलले हे लपलेलं नाही. पर्ड्यू फार्मा ही अमेरिकेतली कंपनी, सॅकलर हे तिचं मालक घराणं, ऑक्सिकॉन्टिन हे १९९६ मध्ये बाजारात आलेलं तिचं औषध. व्यसनाचा धोका कमी सांगून ते खपवल्याचा गुन्हा कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी २००७ मध्ये कबूल केला. तुरुंगात कुणी गेलं नाही. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. सॅकलर घराण्यातल्या एकावरही आजवर फौजदारी खटला उभा राहिलेला नाही. मधल्या काळात त्यांनी कंपनीतून सुमारे ११ अब्ज डॉलर काढून घेतले आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. त्या दिवाळखोरीच्या आडून घराण्याला दाव्यांपासून कायमचं संरक्षण देणारा करार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. म्हणजे एका मताने. अफूजन्य औषधांनी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या नशेने तिथे पाच लाखांहून अधिक माणसं गेली आहेत.

खरी भुताची गोष्ट ही आहे, आणि तिच्यात व्हर्ना नाही. खटल्यांची कागदपत्रं आहेत, चिकाटीचे पत्रकार आहेत, मेलेल्या मुलांचे फोटो घेऊन उभ्या राहिलेल्या आया आहेत. ते काम वर्षानुवर्षं चालतं, कंटाळवाणं असतं, अर्धवट राहतं. मालिकेतही सरकारी वकील ड्युपिन आयुष्यभर अशरांचा पाठलाग करतो, आणि शेवटी त्याच्या हातात काय येतं? एका पडक्या घरात रात्रभर ऐकलेला कबुलीजबाब, ज्यावर कुठलंही कोर्ट निकाल देणार नाही. प्रेक्षकांना त्याची खंत वाटली नाही. व्हर्नाने काम केलं ना, मग कोर्ट कशाला?

हे वाक्य मी दुसरीकडेही ऐकलं आहे, म्हणून मला मालिका बघताना घाम फुटला. बुलडोझरच्या व्हिडिओंखाली हेच असतं, बरं झालं. आरोपी एक, घरात आठ माणसं, भिंती सगळ्यांच्या. १३ नोव्हेंबर २०२४ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी अधिकारी न्यायाधीश होऊ शकत नाहीत आणि एकावरच्या आरोपासाठी कुटुंबाचं छप्पर काढता येत नाही. चार महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीचं घर पाडलं गेलं. हायकोर्टात धाव घेतली ती त्याच्या आईने. स्थगिती आली तोवर घर पडलं होतं. तेव्हाही काही लोकांना समाधान वाटलंच, आणि लेनोरसाठी डोळे पुसणारे त्यांच्यात नसतील असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

भाच्याला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, 'खाला, तू पण ना, मालिकेला मालिका राहू दे.' मग थोडं थांबून, 'तू स्वतः असं कधी केलं नाहीस?'

केलं आहे. बीएड करून नोकरीला लागले त्याच्या पहिल्याच वर्षी. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना एका मुलीच्या दप्तरात दुसरीचं कंपासपेटीतलं सामान सापडलं. तिच्या थोरल्या भावाने आदल्या वर्षी शाळेतून घंटा पळवली होती. सगळ्या वर्गासमोर मी तिला म्हटलं, तुमचं खानदानच तसं. वर्ग हसला, मलाही बरं वाटलं. सामान तिच्या दप्तरात दुसऱ्याच मुलीने लपवलं होतं हे दोन दिवसांनी कळलं. तोवर तिने मराठीच्या तासाला येणं बंद केलं होतं.